पाठीवर वळकटी, डोक्यावर उचल

१९७७ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या मतदारांना विचारण्यात आले की देशाचे गीत म्हणून तुम्हांला कोणते गाणे हवे. पर्याय चार होते. ४३ टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळवून ‘ॲडव्हान्स ऑस्ट्रेलिया फेअर’ पहिले आले आणि पुढे तेच राष्ट्रगीत झाले. पण २८ टक्के मते घेऊन, ब्रिटिश राणीच्या गीतालाही मागे टाकून, ‘वॉल्ट्झिंग मटिल्डा’ हे जे गाणे दुसऱ्या क्रमांकावर आले त्याचा नायक एक बेघर शेतमजूर आहे. तो पायी फिरतो, पाणवठ्यावर आलेली मेंढी पकडून आपल्या शिध्याच्या पिशवीत कोंबतो आणि मेंढीचा मालक तीन शिपायांना घेऊन येतो तेव्हा त्यांच्या हाती लागण्यापेक्षा पाण्यात उडी घेऊन मरण पत्करतो. त्याचे भूत त्या डोहाकाठी अजून ऐकू येते, असे सांगून ते गाणे संपते. शाळेतली लेकरे ते गातात, खेळाच्या मैदानांवर हजारो माणसे ते एका सुरात गातात.

मी अंजनगाव सुर्जी तालुक्यात कपाशी आणि सोयाबीन पिकवतो आणि सोंगणी-वेचणीच्या दिवसांत बाहेरगावचे मजूर वावरात लावतो. या गाण्याचा आणि त्यातल्या स्वॅगमनचा, म्हणजे वळकटी घेऊन पायी फिरणाऱ्या मजुराचा, इतिहास वाचायला घेतला तो कुतूहलाने, पण वाचता वाचता एक प्रश्न मनात पक्का होत गेला. कामाच्या शोधात गाव सोडून निघालेला माणूस आमच्याकडे दिवाळीनंतर प्रत्येक रस्त्यावर दिसतो. मग तो आमच्या लोककथेत का नाही? ऑस्ट्रेलियाने आपल्या फिरत्या मजुराला देशाचा चेहरा केले आणि आम्ही आमच्या फिरत्या मजुराला नाव विचारण्याचीही तसदी घेत नाही, हा फरक कशामुळे पडला?

आधी तो स्वॅगमन कोण होता ते सांगतो. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात मेंढपाळीचे प्रचंड मोठे मळे होते, आणि त्यांचे मालक ‘स्क्वॉटर’ म्हणून ओळखले जात, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी सरकारी जमिनींवर आधी बस्तान बसवले होते आणि हक्क मागाहून मिळवला होता. या मळ्यांना वर्षभर थोडी माणसे पुरत, पण लोकर कातरण्याच्या हंगामात एकदम पुष्कळ हात लागत. हा हंगाम उत्तरेकडे क्वीन्सलँडमध्ये लवकर सुरू होई आणि दक्षिणेकडे सरकत व्हिक्टोरियापर्यंत जाई, त्यामुळे कातरणारे मजूर त्याच्या मागोमाग एका शेडवरून दुसऱ्या शेडवर चालत. घोडा ज्याला परवडत असे तो घोड्यावर जाई, बाकीचे पायी. कांबळ्यात जादा कपडे आणि किरकोळ सामान गुंडाळून बांधलेली वळकटी खांद्यावरून पाठीवर टाकलेली, हातात चहा उकळण्याचा तारेच्या कडीचा पत्र्याचा डबा, कमरेशी किंवा छातीशी पीठ, साखर, चहापत्ती यांची पिशवी. चूल म्हणजे वाटेवरची काटक्यांची आग, आणि भाकरीच्या जागी राखेत भाजलेला जाड कणकेचा गोळा. त्या वळकटीला मजूर लाडाने ‘मटिल्डा’ म्हणत, आणि तिला पाठीशी घेऊन भटकणे म्हणजेच गाण्याच्या नावातले वॉल्ट्झिंग.

मळ्यावरच्या मजुराचा आठवड्याचा शिधा सगळ्यांच्या तोंडी असलेला होता: दहा पौंड पीठ, दहा पौंड मांस, दोन पौंड साखर आणि पाव पौंड चहा. वाटेवरच्या माणसाला यापेक्षा कमी मिळे, पण काहीतरी मिळे. काम नसले तरी आलेल्या वाटसरूला थोडे पीठ द्यायचे, अशी रीत होती. या रीतीमागे माणुसकी होती तशी भीतीही होती. उन्हाने वाळलेल्या गवताच्या त्या देशात उपाशी परत पाठवलेल्या माणसाच्या खिशातली आगपेटी मालकाला महाग पडू शकत होती. काही जण मुद्दाम दिवस मावळताना पोचत, म्हणजे काम सांगायची वेळ टळलेली असे आणि शिधा मात्र मिळे. अशांसाठी ‘सनडाउनर’ असा वेगळा शब्दच तिथे रूढ झाला. लोककथेत हा सूर्यास्ताचा पाहुणा हसण्याचा विषय आहे. मला त्यात हसण्यासारखे फार दिसत नाही. दिवसभर चालून आलेल्या माणसाने संध्याकाळी कुऱ्हाड हातात घेण्याऐवजी टेकायचे ठरवले, तर ते समजण्यासारखे आहे.

आता गाणे कसे जन्मले ते पाहिले पाहिजे, कारण तिथेच खरी गोष्ट आहे. १८९१ मध्ये क्वीन्सलँडच्या लोकर कातरणाऱ्यांनी मोठा संप केला. त्यांची संघटना १८८६ मध्ये उभी राहिली होती आणि मळेवाल्यांना संघटनेबाहेरची माणसे हवी त्या अटींवर लावण्याची मोकळीक हवी होती. भांडण याच मुद्द्यावर होते. बार्काल्डिन गावाबाहेर संपकऱ्यांच्या छावण्या पडल्या, सरकारने सशस्त्र शिपाई पाठवले, पुढाऱ्यांना कटाच्या आरोपाखाली तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली आणि संप मोडला. १८९४ मध्ये पुन्हा ठिणगी पडली. सप्टेंबरमध्ये विंटनच्या बाजूच्या डॅगवर्थ मळ्याची कातरणशेड संपकऱ्यांनी पेटवली, आतल्या शेकडाभर मेंढ्या जळाल्या, आणि त्याच सुमारास जवळच्या एका डोहाकाठी सॅम्युअल हॉफमायस्टर नावाचा संपकरी गोळी लागून मेलेला सापडला. चौकशीत आत्महत्या म्हणून नोंद झाली.

पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, सिडनीचा एक वकील त्या डॅगवर्थ मळ्यावर पाहुणा म्हणून आला. तो कविता लिहीत असे आणि ‘बँजो’ या टोपणनावाने प्रसिद्ध होता: अँड्र्यू बार्टन पॅटरसन. मळेवाल्या मॅकफर्सन कुटुंबातल्या क्रिस्टिनाने घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर ऐकलेली एक स्कॉटिश चाल आठवणीने वाजवून दाखवली आणि पॅटरसनने त्या चालीवर शब्द बसवले. म्हणजे मालकाविरुद्ध मजुराची बाजू घेणारे देशातले सर्वांत प्रसिद्ध गाणे मालकाच्या दिवाणखान्यात, मालकाच्या घरच्या मुलीच्या साथीने तयार झाले, आणि तेही त्याच मालकाची शेड जळल्याला वर्षही उलटले नसताना. हॉफमायस्टरचा मृत्यू हेच गाण्याचे बीज होते, असे अनेक अभ्यासक मानतात, सगळे नाही. मला मात्र बीजापेक्षा ती जागा अधिक महत्त्वाची वाटते. लोककथा नेहमी तळातूनच वर येते, असे आपण धरून चालतो. इथे ती ओसरीवरून खाली गेली, तळातल्या माणसांनी ती उचलली, आपली मानली आणि मग तीच लोककथा झाली.

ती त्यांनी का उचलली, याचे उत्तर मला हेन्री लॉसन या लेखकामध्ये सापडले. लॉसनचा जन्म १८६७ मध्ये सोन्याच्या खाणीवरच्या तंबूत झाला, लहानपणापासून त्याला ऐकू कमी येई आणि गरिबी त्याच्या पाचवीलाच पुजलेली होती. ‘बुलेटिन’ या सिडनीच्या साप्ताहिकाचे संपादक आर्चिबाल्ड यांनी १८९२ मध्ये त्याला पाच पौंड आणि आतल्या भागातल्या बर्क गावापर्यंतचे रेल्वेचे तिकीट दिले. तिथे त्याने कातरणशेडवर काम केले आणि भर उन्हाळ्यात एका सोबत्याबरोबर वळकटी पाठीवर घेऊन बर्क ते हंगरफोर्ड आणि तिथून परत असा प्रवास पायी केला. एका बाजूचे अंतरच दोनशे किलोमीटरहून अधिक आहे. डिसेंबर-जानेवारी हे तिकडचे ऐन उन्हाचे महिने. आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला मे महिन्यात दुपारी डांबरी रस्त्यावर चालणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

त्या चालण्यानंतर लॉसनच्या लेखणीतून रानाचे गोड चित्र कधी उतरले नाही. त्याची एक अगदी छोटी गोष्ट आहे, १८९३ मधली. घोडे पाण्यातून पलीकडे नेताना एक तरुण मजूर बुडून मरतो. गावात त्याला कोणी ओळखत नाही. पण त्याच्याजवळ संघटनेचे ओळखपत्र सापडते आणि तेवढ्यावर, तो आपला आहे म्हणून, गावातले मजूर त्याच्या अंत्ययात्रेला निघतात. अर्धे दारूच्या गुत्त्यात अडकतात, उरलेले उन्हात चालतात. पत्रावरचे नाव खरे नव्हते, हे नंतर कळते. या गोष्टीत रडारड नाही, भाषण नाही, आणि ती वाचून संपल्यावर कितीतरी वेळ मला पुढचे पान उलटता आले नाही. अनोळखी मेलेल्या माणसाला ‘आमचा’ म्हणवून घेणारे एक कार्ड! स्वॅगमनच्या दंतकथेचा पाया हे कार्ड आहे, असे माझे मत आहे. डोहाकाठचे भूत हा तिचा कळस.

कारण त्या मजुराजवळ तीन गोष्टी एकाच वेळी आल्या होत्या. त्याची संघटना होती. त्याला वाचता येत होते, कारण व्हिक्टोरियाने १८७२ मध्ये शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते आणि बाकीच्या वसाहतीही त्याच वाटेने गेल्या होत्या. आणि १८८० मध्ये निघालेले ‘बुलेटिन’ शेडपर्यंत पोचत होते, हातोहात फिरून फाटेपर्यंत वाचले जात होते, इतकेच नव्हे तर वाचकांनी पाठवलेले किस्से आणि कविता छापत होते. चालणारा माणूस आपल्याबद्दलचे लिखाण आगीच्या उजेडात वाचत होता आणि त्याला ते खोटे वाटले तर तसे कळवत होता.

या दंतकथेत कोण नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५८ मध्ये रसेल वॉर्ड या इतिहासकाराने मांडले की ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय स्वभावच या भटक्या मजुरांनी घडवला: जोडीदाराला न सोडणे, साहेबाला न जुमानणे, कमी बोलणे. नंतरच्या अभ्यासकांनी विचारले की यात बाई कुठे आहे? बार्बरा बेंटन या लेखिकेने १८९६ मध्येच एक कथा लिहिली होती, तिच्यात रानातल्या एकाकी घरात तान्ह्या लेकरासह राहणाऱ्या बाईच्या दारात स्वॅगमन येतो आणि ती त्याच्या हातून मारली जाते. गाण्यातला बापडा फिरस्ता दाराच्या आतून कसा दिसत होता ते या कथेत आहे. ‘बुलेटिन’ने ती बरीच कापून छापली. आणि मुळातच ज्यांची ती जमीन होती, ज्यांनी पुढे कित्येक दशके त्या मळ्यांवर नुसत्या शिध्यावर किंवा नाममात्र मजुरीवर गुरे राखली, ते आदिवासी तर या चित्रात नाहीतच.

त्यांचे चालणे १९६६ मध्ये दिसले. नॉर्दर्न टेरिटरीतल्या वेव्ह हिल मळ्यावरचे गुरिंजी आदिवासी मजूर व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागे काम सोडून निघाले, बायकापोरांसह सुमारे दोनशे माणसे, आणि वॅटी क्रीकच्या काठी जाऊन बसली. सुरुवातीला मागणी मजुरीची वाटली. लवकरच त्यांनी जमीनच परत मागितली. १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत मूठभर माती टाकून काही जमीन परत केली. त्या क्षणाच्या छायाचित्राला आज तिथे स्वॅगमनच्या गाण्याइतकाच मान आहे, आणि त्या चालण्यावरही गाणे झाले आहे. एकट्या पुरुषाच्या वाटचालीलाच दंतकथा चिकटते, हा माझा समज इथे मोडला. कुटुंबाच्या वाटचालीलाही ती चिकटते, पण त्या कुटुंबाला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे.

इथे मला आमच्या बाजूला यावे लागते. आमच्या गावाच्या उत्तरेला गाविलगडचे डोंगर दिसतात आणि त्यांच्या पलीकडे मेळघाट. सोयाबीनच्या सोंगणीला आणि नंतर कापूस वेचायला धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू कुटुंबे घाट उतरून येतात. त्यानंतर तूर, मग हरभरा, आणि होळीच्या आधी सगळी परत डोंगरात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण आहे आणि तो चुकवून कोणी मैदानात थांबत नाही, मालकाने कितीही विनवले तरी. त्यांचा सगळा हंगाम या एका तारखेकडे तोंड करून चालतो.

टोळी येते तेव्हा तिचे सामान मी पाहतो. प्लॅस्टिकच्या पोत्यात भरलेली भांडी, दोरीने आवळलेल्या गोधड्या, कुऱ्हाड, पाण्याची कॅन, एखाद्या पाटीखाली झाकलेल्या दोन-तीन कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेले लेकरू. वावरातल्या कोठ्याला लागून पाल उभे राहते, तीन दगडांची चूल मांडली जाते आणि काळ्या पडलेल्या ॲल्युमिनियमच्या गंजात बिनदुधाचा चहा उकळू लागतो. वेचणीला सकाळी दव असतानाच सुरुवात होते. बाई कमरेला फडके बांधते, दोन्ही हातांनी दोन बाजूंच्या झाडांवरची बोंडे रिकामी करत तासातून पुढे सरकते. फुटलेल्या बोंडाची वाळलेली टोके नखांच्या मुळाशी टोचतात, म्हणून कित्येकींच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात. मजुरी किलोवर. संध्याकाळी काट्यावर गाठोडे टांगले की सगळ्या बायका काट्याकडे पाहत असतात, गाठोड्याकडे कोणीही पाहत नाही.

स्वॅगमन आणि हा मजूर यांच्यात जो मूळचा फरक आहे, तो डोंगर किंवा देश यांचा नाही. स्वॅगमन काम शोधत निघत असे. आमच्याकडचा मजूर पुष्कळदा काम आधीच विकून निघालेला असतो. दिवाळीच्या तोंडावर किंवा पावसाळ्यातल्या अडचणीत मुकादमाकडून घेतलेली उचल त्याच्या डोक्यावर असते, आणि ती फिटेपर्यंत वाट कोणती, वावर कोणाचे, दर किती, हे त्याच्या हातात राहत नाही. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणूस बांधून ठेवणे त्यात सरळ सरळ बसते. कायदा आहे आणि उचलही आहे. ऑस्ट्रेलियातही मुदतीआधी काम सोडून जाणाऱ्या मजुराला मालक-नोकर कायद्याखाली दंड आणि तुरुंग होत असे, त्यामुळे गाण्यातल्या त्या मुक्त फिरस्त्याची मोकळीक कोणी दान केलेली नव्हती. ती भांडून, हरून, पुन्हा भांडून मिळवलेली होती. मी मजूर लावणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे आणि कापूस झाडावर भिजत असताना टोळी निघून गेली तर काय होते ते मला ठाऊक आहे. तरीही मला हे म्हणायचे आहे की ज्याला निघून जाता येते त्याच्याशीच खरा सौदा होतो.

आणखी एक गोष्ट लिहायला जड जाते, पण या विषयात ती टाळता येत नाही. ऑस्ट्रेलिया एका मजुराच्या आत्महत्येचे गाणे गाते. आमच्या विदर्भात शेतकरी आत्महत्यांची नोंद होते, समिती बसते, प्रकरण पात्र की अपात्र ते ठरते आणि पात्र ठरले तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. पात्रतेसाठी जमीन लागते आणि कर्ज लागते. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि ज्याचे कर्ज बँकेचे नसून मुकादमाच्या वहीतले आहे, तो या निकषात येतच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१४ पासून शेतमजुरांचा आकडा वेगळा द्यायला सुरुवात केली, तेव्हा तो दिसू लागला. २०२२ मध्ये देशभरात शेतीतल्या ११,२९० आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत ५,२०७ शेतकरी होते आणि ६,०८३ शेतमजूर. मजुरांचा आकडा मोठा आहे. लॉसनच्या गोष्टीतल्या मृत तरुणाजवळ निदान एक कार्ड होते.

आमच्या मातीने वाटेवरचा माणूस अजिबात पाहिलाच नाही, असे मात्र नाही. आमच्याच तालुक्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये डेबूजी जन्मला. मामाच्या गावी त्याने गुरे राखली, नांगर धरला, सावकारीने शेत कसे जाते ते जवळून पाहिले आणि १९०५ मध्ये घर सोडले. त्यानंतरची पन्नास वर्षे गाडगेबाबा चालत राहिले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, हातात खराटा, आणि एक फुटके गाडगे, जे ऊन असले की डोक्यावर आणि भूक लागली की हातात. फुकटची भाकर ते घेत नसत. आधी गाव झाडायचे किंवा कोणाची लाकडे फोडून द्यायची आणि मग वाढा म्हणायचे. ज्याने स्वतःसाठी छप्पर केले नाही त्याने पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे वाटसरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, वाटेवरच, देह ठेवला.

ऑस्ट्रेलियन वाचकाला गाडगेबाबा सांगायचे झाले तर मी स्वॅगमनपासून सुरुवात करीन, आणि लगेच थांबून सांगीन की आम्ही त्यांना संत केले. संत केल्यावर मजूर मागे पडतो. विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, गावोगावी स्वच्छता अभियानाच्या फलकावर त्यांचे चित्र आहे, पण कामाच्या बदल्यात भाकर मागणाऱ्या फिरस्त्याची ताठ मान त्या चित्रात कुठे दिसत नाही. ती मान मला फार प्रिय आहे.

आणि बोलणारा मजूर आमच्याकडे वर्षातून एकदा तरी दिसतोच. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहतात तेव्हा झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी कवने, म्हणतात. गुढीपाडव्याला वर्षाच्या बोलीवर राहिलेला सालदार त्या दिवशी बैलांच्या कासऱ्याशी ताठ उभा असतो, घरोघरी त्याला बोजारा, म्हणजे बक्षिसी, मिळतो, आणि झडतीत सावकार, पुढारी, कापसाचा भाव, कोणाचीही गय केली जात नाही. शेवटी ‘हर बोला हर हर महादेव’ झाले की सगळे हसतात आणि दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा जसेच्या तसे. झडतीला कोणी ‘बुलेटिन’ भेटले नाही. ती म्हटली जाते, गाजते आणि विरते. पुढे भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी मराठी साहित्य हलवून सोडले हे खरे, पण हंगामापुरता भटका होणारा कोरकू, गोंड किंवा दलित शेतमजूर, जो होळीला पुन्हा गाववाला होतो, तो भटका आणि गाववाला या दोन्ही खात्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत राहिला.

जोसेफ जेंकिन्स नावाच्या एका वेल्श शेतकऱ्याची माहिती मला याच वाचनात मिळाली. पन्नाशी गाठलेल्या या माणसाने १८६८ मध्ये घर आणि शेत सोडले, ऑस्ट्रेलियाला जाऊन पंचवीस वर्षे स्वॅगमन म्हणून कष्ट केले आणि दिवसभराच्या मजुरीनंतर रोज रात्री रोजनिशी लिहिली. १८९४ मध्ये तो त्या वह्या घेऊन घरी परतला. १९७५ मध्ये त्यांतला निवडक भाग छापला गेला. पॅटरसन पाहुणा होता, लॉसन एका उन्हाळ्यापुरता चालला. जेंकिन्स मात्र ज्या हाताने नाली खणत होता त्याच हाताने लिहीत होता.

आमच्याकडे येणाऱ्या टोळीत एक मुलगी आहे. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकली, मग आईबरोबर वेचणीला येऊ लागली. टोळीचा हिशेब तीच ठेवते. शाळेच्या उरलेल्या वहीत रेघा मारून नाव, तारीख, किलो असे रकाने केलेले असतात आणि माझ्या काट्याचा आकडा ती माझ्याआधी टिपते. मागच्या हंगामात तिचे आजोबा मला म्हणाले, “भाऊ, हिशोब होळीच्या पहिले करून द्याजा, आमच्या पोरीच्या वहीवरून.” माझ्या वहीवरून नाही. ती वही आणि माझी वही मांडीवर घेऊन आम्ही बसलो, एका दिवसाचे वजन जुळले नाही आणि तिचे बरोबर निघाले.

त्या वहीची मागची पाने कोरी होती. रात्री चुलीजवळ बायका जी गाणी म्हणतात ती त्या पानांवर लिहिशील का, असे मी तिला विचारले आणि त्या वेळेची मजुरी वेचणीच्या हिशेबात धरायची, असे ठरवले. तिने विचारले, “कोरकूत लिहू का मराठीत?” मी म्हटले, जसे म्हणता तसेच लिही. आता वजनाच्या रकान्यांच्या उलट बाजूने, देवनागरीत, कोरकू गाणी लिहिलेली आहेत. काही घाटाच्या वाटेची आहेत, एक मुकादमावर आहे, आणि तिच्या आजीला अजून पुष्कळ येतात.